कॅबरगोलिन

कॅबरगोलिन हे रक्तातील प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची वाढलेली पातळी कमी करण्यासाठी दिले जाणारे औषध आहे. ते अरगट नावाच्या बुरशीत आढळणाऱ्या अल्कलॉइडांच्या कुळातील असून प्रयोगशाळेत अर्धसंश्लेषित पद्धतीने तयार केले जाते. पोष ग्रंथीवर ते डोपामिन या नैसर्गिक रसायनासारखे कार्य करते. प्रोलॅक्टिन स्रवणारी पोष ग्रंथीतील गाठ, म्हणजे प्रोलॅक्टिनोमा, हा या औषधाच्या वापराचा प्रमुख विषय होय. मेंदूच्या तळाशी असलेली गाठ शस्त्रक्रियेवाचून, केवळ गोळ्यांनी आकसते, अशी फार थोडी उदाहरणे वैद्यकशास्त्रात आहेत आणि प्रोलॅक्टिनोमा हे त्यांपैकी एक आहे.

मात्र प्रोलॅक्टिन वाढलेल्या प्रत्येक व्यक्तीला हे औषध लागतेच असे नाही. पातळी का वाढली याचा शोध हा उपचाराचा पहिला टप्पा आहे आणि औषध हा त्यानंतरचा.

प्रोलॅक्टिन आणि त्याचे नियंत्रण

मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातील एका लहानशा खोबणीत वाटाण्याएवढी पोष ग्रंथी असते. तिच्या पुढच्या भागातील विशिष्ट पेशी प्रोलॅक्टिन तयार करतात. बाळंतपणानंतर स्तनांत दूध निर्माण करणे हे या संप्रेरकाचे सर्वांत परिचित कार्य होय. ते पुरुषांच्या आणि स्तनपान न करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तातही अल्प प्रमाणात असते.

पोष ग्रंथीची बहुतेक संप्रेरके वरून आज्ञा आल्यावर स्रवतात. प्रोलॅक्टिनचा प्रकार उलटा आहे. ते सतत स्रवण्याच्या तयारीत असते आणि मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग त्याला रोखून धरतो. हे रोखण्याचे काम डोपामिन करते. हायपोथॅलॅमसमधून निघालेले डोपामिन सूक्ष्म रक्तवाहिन्यांवाटे पोष ग्रंथीत पोहोचते आणि तेथील पेशींवरील डी-२ नावाच्या ग्राहींना चिकटते. त्यामुळे प्रोलॅक्टिनचा स्राव आटोक्यात राहतो. हा लगाम सैल पडला, तुटला किंवा एखाद्या औषधाने निकामी केला, की प्रोलॅक्टिन वाढते. पुढे येणारी बरीचशी कारणे आणि खुद्द कॅबरगोलिनचे कार्य समजून घेण्यासाठी ही एक गोष्ट ध्यानात ठेवणे पुरेसे आहे.

पातळी वाढण्याची कारणे

गर्भारपण आणि स्तनपान या काळांत प्रोलॅक्टिन वाढणे नैसर्गिक आहे. म्हणून प्रजननक्षम वयातील स्त्रीच्या अहवालात वाढलेली पातळी दिसल्यास प्रथम गर्भधारणेची शक्यता तपासली जाते. झोप, शारीरिक श्रम, मानसिक ताण, इतकेच नव्हे तर रक्त काढताना सुई टोचण्याची भीती यांमुळेही पातळी तात्पुरती वाढू शकते.

औषधे हे दुसरे मोठे कारण आहे. डोपामिनच्या ग्राहींना अडवणारी कोणतीही औषधे प्रोलॅक्टिनवरचा लगाम काढून घेतात. मनोविकारांवरील रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल आणि अमिसल्प्राइड ही औषधे या गटात येतात. उलटी व मळमळ थांबवणारी मेटोक्लोप्रमाइड आणि डोम्पेरिडोन, तसेच जठराची हालचाल सुधारण्यासाठी दिले जाणारे लिव्होसल्पिराइड ही औषधेही याच गटातील आहेत. भारतात डोम्पेरिडोन व लिव्होसल्पिराइड ही औषधे आम्लपित्तावरील औषधांशी एकत्र करून एकाच कॅप्सूलमध्ये विकली जातात. त्यामुळे ‘पित्ताची गोळी’ घेणाऱ्या रुग्णाला आपल्या पाळीच्या तक्रारीचा त्या गोळीशी संबंध असेल अशी कल्पनाही नसते. डॉक्टरांना घेत असलेल्या सर्व औषधांची माहिती देणे, शक्य असल्यास त्यांची पाकिटे दाखवणे, या कारणासाठी महत्त्वाचे ठरते.

थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावल्यास हायपोथॅलॅमसमधून थायरॉइडला चेतवणारे रसायन अधिक स्रवते. तेच रसायन प्रोलॅक्टिनच्या पेशींनाही चेतवते. अशा रुग्णाला थायरॉक्सिन दिल्यावर प्रोलॅक्टिन आपोआप उतरते व कॅबरगोलिनची गरज उरत नाही. मूत्रपिंड निकामी होणे, यकृताचा गंभीर आजार आणि छातीच्या भिंतीला झालेली इजा ही आणखी काही कारणे होत.

पोष ग्रंथीतील प्रोलॅक्टिनोमा ही गाठ बहुतेक सर्व रुग्णांत कर्करोगाची नसते. तिचा व्यास १० मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास तिला सूक्ष्म आणि त्याहून अधिक असल्यास मोठी गाठ म्हणतात. प्रोलॅक्टिन न स्रवणारी एखादी वेगळीच गाठही पोष ग्रंथीच्या देठावर दाब देऊन डोपामिनची वाट अडवते. अशा वेळी प्रोलॅक्टिन मध्यम प्रमाणात वाढते, पण औषधाने पातळी उतरली तरी गाठ लहान होत नाही.

लक्षणे

प्रोलॅक्टिन वाढले की जननसंस्थेला चालना देणारी मेंदूतील संप्रेरके दबतात. स्तनपान करणाऱ्या मातेची पाळी काही महिने येत नाही, त्यामागे हेच कारण असते. प्रोलॅक्टिन विनाकारण वाढलेल्या स्त्रीचे शरीर एका अर्थी बाळंतपणानंतरच्या अवस्थेत असल्यासारखे वागू लागते. पाळी अनियमित होते किंवा बंद पडते, बीजनिर्मिती थांबते, गर्भधारणा होत नाही आणि काही जणींच्या स्तनांतून दुधासारखा स्राव येतो. स्त्रीसंप्रेरकांची कमतरता दीर्घकाळ टिकल्यास हाडे ठिसूळ होतात.

पुरुषांत कामेच्छा कमी होणे, लिंगाच्या ताठरतेत अडचण येणे, शुक्राणूंची संख्या घटणे आणि थकवा ही लक्षणे दिसतात. पुरुषांना पाळीसारखी ठळक खूण नसते. शिवाय संकोचामुळे ते डॉक्टरांकडे उशिरा जातात. म्हणून निदानाच्या वेळी त्यांची गाठ बहुधा मोठी झालेली असते. अपत्य न होणाऱ्या जोडप्यात केवळ स्त्रीचीच तपासणी करण्याची रीत या दृष्टीने अपुरी आहे.

मोठी गाठ आजूबाजूच्या भागांवर दाब देते. पोष ग्रंथीच्या अगदी वर दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिचेता एकमेकींना छेदतात. त्यांच्यावर दाब आल्यास दोन्ही बाजूंच्या कडेचे दिसेनासे होते. रस्ता ओलांडताना बाजूने येणारे वाहन न दिसणे अशा प्रसंगांतून हा दोष लक्षात येतो. डोकेदुखी हेही एक लक्षण आहे.

निदान

रक्तातील प्रोलॅक्टिनची सर्वसाधारण वरची मर्यादा स्त्रियांत सुमारे २५ आणि पुरुषांत सुमारे २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर मानली जाते. प्रयोगशाळेच्या पद्धतीनुसार ती थोडी बदलते, म्हणून अहवालावर छापलेली मर्यादा पाहणे इष्ट. पातळी थोडीच वाढलेली असेल तर रुग्णाला शांत बसवून चाचणी पुन्हा केली जाते.

काही व्यक्तींच्या रक्तात प्रोलॅक्टिनचे रेणू प्रतिपिंडांशी जोडले जाऊन मोठे संयुग तयार होते. त्याला मॅक्रोप्रोलॅक्टिन म्हणतात. चाचणी ते मोजते, परंतु शरीरावर त्याचा परिणाम जवळजवळ नसतो. अहवालात आकडा मोठा आणि रुग्णाला त्रास काहीच नाही, अशा वेळी मॅक्रोप्रोलॅक्टिनची वेगळी तपासणी केली नाही तर निरोगी व्यक्तीवर वर्षानुवर्षे अनावश्यक उपचार होण्याचा धोका असतो. याउलट गाठ फार मोठी असून प्रोलॅक्टिन अतोनात वाढलेले असल्यास चाचणीतील रसायने अपुरी पडून आकडा खोटाच कमी येऊ शकतो. अशा वेळी रक्ताचा नमुना विरल करून चाचणी पुन्हा करतात.

गर्भधारणा, औषधे, थायरॉइड आणि मूत्रपिंड ही कारणे वगळल्यानंतर पोष ग्रंथीचे एमआरआय चित्रण केले जाते. २५० नॅनोग्रॅमच्या वरची पातळी बहुधा मोठ्या प्रोलॅक्टिनोमाकडे निर्देश करते.

इतिहास

राय या धान्याच्या कणसावर वाढणाऱ्या अरगट बुरशीचे विषारी परिणाम युरोपात मध्ययुगापासून ज्ञात होते. बाजरीच्या कणसावर मधासारखा चिकट स्राव आणणारा अरगट रोग महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनाही परिचित आहे. तो याच प्रजातीतील दुसऱ्या एका बुरशीमुळे होतो. अरगट लागलेले धान्य खाल्लेल्या जनावरांचे दूध आटते, असेही आढळले होते.

१९५४ मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील संशोधक शेलेस्न्याक यांनी अरगटातील अल्कलॉइडांमुळे उंदरांमधील गर्भधारणेत अडथळा येतो असे दाखवले. या परिणामामागे प्रोलॅक्टिनचे दमन आहे, या विचारातून पुढील संशोधन झाले. स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीत एडुआर्ड फ्ल्युकिगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात ब्रोमोक्रिप्टिन विकसित केले. त्या वेळी मानवी शरीरात प्रोलॅक्टिन हे स्वतंत्र संप्रेरक आहे किंवा नाही याविषयीच मतभेद होते, कारण ते वाढ संप्रेरकापासून वेगळे काढता आले नव्हते. १९७० च्या सुमारास कॅनडातील हेन्री फ्रीसन यांच्या कार्यामुळे मानवी प्रोलॅक्टिनचे वेगळे अस्तित्व सिद्ध झाले आणि ते रक्तात मोजता येऊ लागले. म्हणजे औषध आधी तयार झाले आणि ते ज्यावर चालते ते संप्रेरक माणसात नंतर निश्चित झाले.

ब्रोमोक्रिप्टिन गुणकारी होते, पण ते रोज घ्यावे लागे आणि मळमळीमुळे अनेक रुग्ण ते सोडून देत. दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाच्या शोधात इटलीतील फार्मिटालिया कार्लो एर्बा या कंपनीने १९८० च्या दशकात कॅबरगोलिन पुढे आणले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला डिसेंबर १९९६ मध्ये मान्यता दिली. डॉस्टिनेक्स हे त्याचे मूळ व्यापारी नाव. भारतात ते अनेक कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांनी मिळते.

रसायन आणि कार्यपद्धती

कॅबरगोलिनच्या एका रेणूत कार्बनचे २६, हायड्रोजनचे ३७, नायट्रोजनचे ५ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. त्याचा रेणुभार सुमारे ४५१.६ आहे. ते डी-२ ग्राहींना घट्ट चिकटते आणि दीर्घकाळ चिकटून राहते. गोळी घेतल्यापासून सुमारे तीन तासांत प्रोलॅक्टिन उतरू लागते. औषधाचे अर्धायुष्य अंदाजे ६३ ते ६९ तास असल्यामुळे आठवड्यातून एक किंवा दोन वेळा घेतलेली मात्रा पुरते. त्याचे विघटन मुख्यतः यकृतात होते आणि अवशेष बहुतांशी विष्ठेवाटे बाहेर पडतात.

गाठीवर होणारा परिणाम दोन प्रकारचा असतो. प्रथम पेशींतील प्रोलॅक्टिनची निर्मिती मंदावते व पेशी आकाराने लहान होतात. कालांतराने काही पेशी नष्टही होतात. त्यामुळे दृष्टिचेतांवरचा दाब काही रुग्णांत थोड्याच दिवसांत किंवा आठवड्यांत कमी होतो आणि नजर सुधारते.

मात्रा

गोळी साधारणतः ०.५ मिलिग्रॅमची असते. प्रारंभी आठवड्यातून दोनदा अर्धी गोळी, म्हणजे प्रत्येक वेळी ०.२५ मिलिग्रॅम, देण्याची पद्धत आहे. प्रोलॅक्टिनची पातळी पाहून मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवली जाते. दोन टप्प्यांत किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवतात. मान्य मात्रेची वरची मर्यादा आठवड्यातून दोनदा १ मिलिग्रॅम ही आहे. दाद न देणाऱ्या गाठींसाठी तज्ज्ञ याहून अधिक मात्रा देतात. रात्री जेवणानंतर गोळी घेतल्यास मळमळ व चक्कर यांचा त्रास कमी होतो.

आठवड्याचे औषध रोज घेतले जाण्याची चूक घडू शकते. ती टाळण्यासाठी घेण्याचे वार चिठ्ठीवर स्पष्ट लिहिणे व रुग्णाने ते दिनदर्शिकेवर नोंदवणे उपयुक्त ठरते.

परिणामकारकता

१९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रोलॅक्टिनवाढीमुळे पाळी बंद झालेल्या ४५९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅबरगोलिन घेणाऱ्या ८३ टक्के स्त्रियांची पातळी सामान्य झाली, तर ब्रोमोक्रिप्टिन घेणाऱ्यांत हे प्रमाण ५९ टक्के होते. बीजनिर्मिती पुन्हा सुरू होणे किंवा गर्भधारणा होणे याचे प्रमाण अनुक्रमे ७२ व ५२ टक्के आढळले. दुष्परिणामांमुळे उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण कॅबरगोलिनच्या गटात ३ टक्के आणि ब्रोमोक्रिप्टिनच्या गटात १२ टक्के होते. आंतरराष्ट्रीय एंडोक्राइन सोसायटीच्या २०११ मधील मार्गदर्शक सूचनांत प्रोलॅक्टिनोमासाठी कॅबरगोलिनला पहिली पसंती देण्यात आली आहे.

औषध कधी थांबवतात

हे औषध सर्वांनाच आयुष्यभर घ्यावे लागत नाही. किमान दोन वर्षे उपचार झाले असतील, पातळी सामान्य असेल आणि एमआरआयमध्ये गाठ दिसत नसेल, तर मात्रा हळूहळू कमी करून औषध बंद करता येते. २०० रुग्णांवरील २००३ मधील एका अभ्यासात औषध थांबवल्यानंतर सूक्ष्म गाठीच्या ३१ टक्के आणि मोठ्या गाठीच्या ३६ टक्के रुग्णांत प्रोलॅक्टिन पुन्हा वाढले. गाठ नसलेल्यांत हे प्रमाण २४ टक्के होते. या अभ्यासात काळजीपूर्वक निवडलेले रुग्ण होते. सरसकट सर्व रुग्ण पाहिल्यास पातळी पुन्हा वाढण्याचे प्रमाण याहून अधिक आढळते. म्हणून औषध बंद केल्यावरही ठरावीक अंतराने चाचणी करावी लागते.

सूक्ष्म गाठ क्वचितच वाढते. लक्षणे नसलेल्या, विशेषतः रजोनिवृत्त स्त्रीवर उपचार न करता केवळ लक्ष ठेवणे हाही मान्य पर्याय आहे.

गर्भधारणा आणि स्तनपान

कॅबरगोलिन सुरू केल्यावर पहिली पाळी येण्यापूर्वीच बीजनिर्मिती होऊन गर्भ राहू शकतो. मूल नको असणाऱ्या स्त्रीने उपचाराच्या प्रारंभापासूनच गर्भनिरोधनाची काळजी घ्यावी लागते. गर्भधारणा निश्चित झाल्यावर औषध सामान्यतः थांबवले जाते. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत कॅबरगोलिन शरीरात असलेल्या मातांच्या उपलब्ध नोंदींत जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. ब्रोमोक्रिप्टिनचा अनुभव अधिक जुना व अधिक विस्तृत असल्याने काही डॉक्टर गर्भधारणेसाठी तेच पसंत करतात.

गर्भारपणात पोष ग्रंथी नैसर्गिकरीत्याच मोठी होते आणि प्रोलॅक्टिनही अनेक पटींनी वाढते, म्हणून त्या काळात पातळी मोजण्यात अर्थ नसतो. तीव्र डोकेदुखी किंवा नजरेतील बदल यांवर लक्ष ठेवतात. सूक्ष्म गाठीच्या बाबतीत असा त्रास क्वचित होतो, मोठ्या गाठीत तो धोका अधिक असतो. वैद्यकीय कारणाने किंवा मृत अपत्यजन्मानंतर दूध थांबवायचे झाल्यास काही देशांत कॅबरगोलिन दिले जाते. ज्या मातेला स्तनपान करायचे आहे तिने हे औषध घेऊ नये.

दुष्परिणाम

मळमळ, डोकेदुखी, चक्कर, बद्धकोष्ठता आणि थकवा हे नेहमीचे दुष्परिणाम होत. उभे राहताना रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून पहिल्या काही मात्रांनंतर अंथरुणातून सावकाश उठावे. मोठी गाठ झपाट्याने आकसल्यास मेंदूभोवतीचे पाणी नाकावाटे झिरपण्याची शक्यता असते. उपचारकाळात नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव सतत येऊ लागला तर ते सर्दी समजून सोडून देऊ नये.

मनावर होणारे परिणाम कमी चर्चिले जातात, पण कुटुंबासाठी ते गंभीर असतात. डोपामिनचा संबंध मेंदूतील आनंद व मोह यांच्याशी आहे. त्यामुळे काही रुग्णांत जुगार, अनावर खरेदी, अतिखाणे किंवा कामवासनेचा अतिरेक अशी वर्तने उद्भवतात. रुग्ण लाजेने ती लपवतो आणि घरचे त्याला स्वभावदोष समजतात. औषध कमी किंवा बंद केल्यावर ही वर्तने सहसा थांबतात. म्हणून उपचार सुरू करतानाच रुग्णाला आणि निकटच्या व्यक्तीला याची कल्पना देणे आवश्यक मानले जाते.

हृदयाच्या झडपा

पार्किन्सनच्या आजारात कॅबरगोलिन रोज आणि बऱ्याच मोठ्या मात्रेत दिले जात असे. अशा रुग्णांत हृदयाच्या झडपा जाड होऊन गळू लागतात, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांतून दिसले. झडपांतील सेरोटोनिनच्या ५-एचटी-२बी या ग्राहींना हे औषध चेतवते, हे त्यामागील कारण होय. याच कारणाने पर्गोलाइड हे जवळचे औषध त्या वर्षी अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आले.

प्रोलॅक्टिनसाठी लागणारी आठवड्याची मात्रा पार्किन्सनच्या एका दिवसाच्या मात्रेपेक्षाही सहसा कमी असते. या कमी मात्रेत झडपांना लक्षणीय इजा झाल्याचे बहुतेक अभ्यासांत आढळलेले नाही. तरीही दीर्घ उपचारात, विशेषतः आठवड्याला २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक मात्रा असल्यास, इकोकार्डिओग्राफीने हृदयाची तपासणी करतात.

निषिद्धता आणि आंतरक्रिया

अनियंत्रित उच्च रक्तदाब, झडपांचा विकार, फुप्फुस किंवा हृदयावरणातील तंतुमय जाडपणा आणि अरगटजन्य औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांना हे औषध देत नाहीत. यकृताच्या गंभीर आजारात सावधगिरी बाळगतात. मेटोक्लोप्रमाइडसारखी डोपामिनविरोधी औषधे कॅबरगोलिनचा परिणाम बोथट करतात.

मनोविकाराच्या औषधाने प्रोलॅक्टिन वाढले असेल तर प्रश्न नाजूक असतो. कॅबरगोलिनने मनोविकार बळावू शकतो. मनोविकाराचे औषध अचानक बंद केल्यासही तेच होते. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने ते औषध बदलणे, मात्रा कमी करणे किंवा अ‍ॅरिपिप्रॅझोलसारखे औषध जोडणे हे मार्ग अवलंबले जातात. रुग्णाने किंवा नातेवाइकांनी यांपैकी काहीही परस्पर करू नये.

पर्याय

ब्रोमोक्रिप्टिन हे जुने व रोज घ्यावयाचे औषध अजूनही वापरात आहे. युरोपातील अनेक देशांत क्विनागोलाइड हे अरगटाशी संबंध नसलेले औषध मिळते. औषध न मानवणाऱ्या, औषधाला दाद न देणाऱ्या किंवा नजर वेगाने जात असलेल्या रुग्णांत नाकावाटे दुर्बिणीच्या साहाय्याने गाठ काढतात. लहान, सुटी गाठ असलेल्या रुग्णापुढे अनुभवी शल्यचिकित्सकाकडून शस्त्रक्रिया हा पर्याय आता आरंभीच ठेवला जातो. किरणोपचार क्वचितच लागतात.

इतर उपयोग

वाढ संप्रेरकाच्या अतिरेकामुळे हातपाय व जबडा मोठा होण्याच्या अ‍ॅक्रोमेगॅली या विकारात, तसेच कुशिंगच्या आजारातील काही रुग्णांत कॅबरगोलिन दिले जाते. पार्किन्सनच्या आजारात झडपांच्या धोक्यामुळे त्याचा वापर आता फारच मर्यादित झाला आहे.